भोंग्याची उचकी

बटणांच्या कारखान्यात तिला सगळे सूनबाई म्हणत. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या खोलीत ती एकटी बसायची, कारखान्यातली निम्मी यंत्रं तिच्या बोटांवर चालायची, दोन परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झाली होती. पण त्याचं कोणाला काय. भोंगेमास्तरांची सून म्हणून ती पहिल्या दिवशी फाटकातून आत आली आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव कायमचं ठरून गेलं. साहेबसुद्धा फोनवर "सूनबाई, तो आकडा पाठवा जरा," असंच म्हणत, आणि ते ऐकून नवीन माणसाला वाटे की साहेबांच्या घरातलंच काहीतरी चाललंय.

भोंगेमास्तर म्हणजे तिचे सासरे. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याचा भोंगा वाजवला. त्यातली सत्तावीस हाताने. भिंतीवरचा दांडा खाली ओढायचा, मनात दहा मोजायचे, सोडायचा. सकाळी आठ, सव्वादहाचा चहा, साडेदहा, एकची सुट्टी, दीड, आणि संध्याकाळी पाच. आसपासच्या चार गल्ल्यांना घड्याळाची गरज अशी नव्हतीच. कोपऱ्यावरचा दंतवैद्य तर रोग्याला सांगायचा, "दीडचा भोंगा झाला की या, आणि तोवर त्या बाजूने चावू नका."

चार वर्षांपूर्वी कारखान्याने दांडा काढला आणि भोंगा कॉम्प्युटरला जोडला. हे काम नेमकं सुनेच्या गळ्यात पडलं. घरी तीन दिवस अबोला. तिचा नवरा मालाची गाडी घेऊन आठवडाभर बाहेरगावी असायचा, त्यामुळे मध्यस्थी करायलाही कोणी नाही. शेवटी तिनेच तोड काढली. भोंग्याच्या वेळांची यादी कॉम्प्युटरमध्ये कोणाच्या तरी नावाने ठेवावी लागते. ती मास्तरांच्या नावाने ठेवली. मास्तर वर आले, चष्मा पुसला, आणि एका बोटाने सगळी यादी स्वतः लिहून काढली. प्रत्येक ओळीत आधी मिनिट, मग तास, मग तारीख, महिना आणि वार. तारीख कुठलीही चालत असेल तर तिथे चांदणी.

"भोंगा दिवसा वाजतो," मास्तर म्हणाले. "चांदण्या कशाला?"

"बाबा, चांदणी म्हणजे रोज."

"मग सरळ रोज लिहावं माणसाने."

यादीतल्या ओळीच्या आधी एक ठरावीक खूण टाकली की ती ओळ मशीन वाचत नाही, माणसांसाठी असते, हे कळल्यावर मात्र ते खुलले. प्रत्येक वेळेच्या डोक्यावर त्यांनी आपला शेरा लिहिला. आठच्या वर: "जांभया बंद." सव्वादहाच्या वर: "चहा गरम असेल तरच लांब वाजवणे." एकच्या वर: "मुकादम आधीच हात धुतो, लक्ष ठेवणे."

ही यादी वाचून वेळेवर भोंगा वाजवणारा एक प्रोग्रॅम मशीनच्या पोटात कायम चालू असतो. पुस्तकात त्याला डीमन म्हणतात. सूनबाईने हा शब्द घरी एकदाच उच्चारला, कोणीतरी सासूबाईंना त्याचा अर्थ भूत म्हणून सांगितला, आणि पुढचा आठवडाभर "भुताखाली नोकरी कशाला करतेस" हे ऐकावं लागलं. तेव्हापासून ती त्याला पहारेकरी म्हणू लागली. हा पहारेकरी दर मिनिटाला डोळे उघडतो, पण याद्या वाचत बसत नाही. एकदा वाचल्या की त्याच्या डोक्यात पक्क्या. तो फक्त याद्यांच्या कपाटाकडे बघतो: काही हललंय का? नाही ना? मग डोक्यात आहे तेच खरं, आणि पुन्हा डोळे मिटतो. कपाटात एखाद्या यादीचा काना-मात्रा जरी बदलला, तरी मात्र तो खडबडून उठतो आणि सगळ्या याद्या नव्याने तपासतो. कोणाची यादी, तो माणूस आपल्याकडे आहे ना, इथपासून. हे एवढं लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ इथेच झाला.

आता उचकीचं. रोज पाचला दहा कमी असताना भोंगा एकदा "हुक्" करायचा. अर्धा सेकंद, बस. वर्षानुवर्षं करायचा, दांडा होता तेव्हापासून. कारखान्यात सगळे त्याला भोंग्याची उचकी म्हणत. कोणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात, तेव्हा बटणं घोळवायच्या पॉलिशच्या पिंपांवरच्या बायका रोज न चुकता विचारत, "भोंग्याची कोण गं आठवण काढतंय?" रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. दांड्याच्या काळात लोकांना वाटे दांडा सैल आहे. कॉम्प्युटर आल्यावर वाटलं वायर सैल आहे. सूनबाईला तेवढं माहीत होतं की तशी ओळ यादीतच आहे, आणि तिच्या डोक्यावर मास्तरांचा शेरा आहे: "चाचणी. कारण विचारू नये. काढू नये." तिने विचारलं नव्हतं. सासऱ्यांशी नुकता कुठे अबोला सुटला होता.

मग मास्तर निवृत्त झाले. हार झाला, भाषणं झाली, भेट म्हणून एक घड्याळ मिळालं, जे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून मास्तर घरी. सकाळी पाचला उठायचे, सहाला घरातले सगळे नळ तपासायचे, सातला सासूबाईंना विचारायचे की आता पुढे काय असतं. एक वाजता मात्र गॅलरीत जाऊन उभे राहायचे, नवं घड्याळ हातात धरून. भोंगा वाजला की मान हलवायचे आणि आत येऊन म्हणायचे, "अजून माझ्याच नावाने वाजतोय." सूनबाईला ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा विचारत, "यादी आहे ना गं जागेवर?" तिला कळत होतं की हा माणूस सध्या त्या एका यादीच्या आधाराने उभा आहे. बाकी सगळं, म्हणजे कपाटाची किल्ली, फाटकाचा पास, कँटीनमधला कप, परत करून झालं होतं.

बाराव्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब सहा महिन्यांपूर्वीच आले होते आणि कारखान्यातल्या बारीकसारीक गोष्टी सुधारण्याचा त्यांना नाद होता.

"ती उचकी," साहेब म्हणाले. "बिघाड आहे. काल बाहेरचे पाहुणे होते, ते दचकले. काढून टाका."

"साहेब, ती यादीतच आहे. मास्तरांनी..."

"मास्तर घरी गेले ना आता? मग उचकीलाही पाठवा."

पावणेचारला तिने यादी उघडली, ती एक ओळ पुसली, यादी बंद केली. शेरा काढायला हात धजावला नाही, तो राहू दिला. संध्याकाळी बाबांना कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करत ती पुढच्या कामाला लागली.

पाचला दहा कमी असताना उचकी आली नाही. खाली पिंपांवर विनोदाची तयारी करून बसलेल्या बायकांची पंचाईत झाली. आणि मग पाचही वाजले नाहीत.

म्हणजे सूनबाईच्या मशीनवर वाजले. पाच वाजून दोन मिनिटं झालेली तिने पाहिली, तिला वाटलं आपल्याला ऐकू आलं नसेल, आणि ती जिन्यातून खाली आली. खाली दोनशे चाळीस माणसं काम करत होती. मोबाइल नियमाप्रमाणे कपाटात कुलूपबंद. भिंतीवर घड्याळ होतं आणि ते पाच वाजून चार मिनिटं दाखवत होतं, पण त्या घड्याळावर कोणाचा विश्वास नव्हता. भोंगा झाला नाही म्हणजे घड्याळ पुढे असणार. सूनबाई "पाच वाजले" म्हणाली, पण भोंग्यापुढे तिचं कोण ऐकणार, म्हणून काय बिघडलंय ते बघायला ती परत वर धावली. मुकादम स्टुलावर चढला आणि त्याने घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. पुन्हा पाच वाजले, पुन्हा भोंगा नाही. तो पुन्हा चढला. वर काचेच्या केबिनमध्ये उभे राहून साहेब कौतुकाने बघत होते आणि कोणाला तरी फोनवर सांगत होते की आज माणसांचं कामात अगदी मन लागलंय. खुद्द साहेबांनीही खुर्चीवरचा कोट उचललेला नव्हता. सवय सगळ्यांनाच लागते.

पाच पस्तीसला फाटकावरचा पहारेकरी, हा हाडामांसाचा, आत येऊन म्हणाला, "काय हो, आज घरी जायचं नाही का कोणाला?" त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. कोणाचं मूल पाळणाघरात, कोणाची गाडी चुकली. साहेबांना बायकोला साडेपाचला कुठेतरी न्यायचं होतं, आणि फोनवर त्यांचा आवाज एकदम लहान झाला. फोन ठेवून ते सूनबाईच्या खोलीत आले.

"उद्या सकाळी आठला भोंगा झाला नाही, तर तुमच्या हातात शिट्टी देऊन तुम्हाला फाटकावर उभं करीन."

ते गेल्यावर तिने पहारेकऱ्याची रोजनिशी उघडली. पावणेचारनंतरच्या मिनिटाला तिथे एकच ओळ होती. मास्तरांचं नाव, आणि पुढे: अनाथ. या नावाचा माणूस नाही.

तिने ती ओळ दोनदा वाचली आणि उठून नोंदणी विभागात गेली. तिथल्या कारकुनाला सगळे परिपत्रक म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य त्या शब्दाने सुरू व्हायचं. ते अजून टेबलाशी ताठ बसले होते. भोंगा झाल्याशिवाय जागा सोडता येत नाही, असं कुठलं तरी कलम होतं.

"तुम्ही बाबांचं खातं काढलंत कॉम्प्युटरमधून?"

"परिपत्रकानुसार," ते म्हणाले, "निवृत्त कर्मचाऱ्याचं नाव त्याच दिवशी सर्व नोंदींतून कमी करावं. पाच वाजून दहा मिनिटांनी केलं. पाचच्या आत केलं असतं तर अन्याय झाला असता."

"मग बारा दिवस भोंगा वाजला तो कोणाच्या नावाने?"

परिपत्रकांनी बराच वेळ विचार केला. "नियमाने बघाल तर कोणाच्याच नाही. वाजायला नको होता."

सगळा उलगडा झाला. नाव बारा दिवसांपूर्वीच गेलं होतं, पण कपाटात काही हललं नव्हतं, म्हणून पहारेकरी जुन्या ओळखीवर भोंगा वाजवत राहिला. आज तिने उचकी पुसली, तो उठला, यादीचा मालक शोधायला गेला, मालक नाही. त्याने यादीच टाकून दिली. मास्तरांना कारखान्यातून खऱ्या अर्थाने कोणी काढलं असेल तर ते सुनेने.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. यादी स्वतःच्या नावावर करायची की झालं. ती मशीनपुढे बसलीसुद्धा, आपल्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइपही केली. मग पुसली. उद्या एक वाजता बाबा गॅलरीत उभे राहतील आणि विचारतील, तेव्हा काय सांगायचं? खोटं तिला जमत नव्हतं. तिचे कान लाल व्हायचे. आधी घरी सांगू, मग सकाळी करू, असं ठरवून ती निघाली. घर सहा मिनिटांवर. तिने बारा मिनिटं लावली.

स्वयंपाकघरात मास्तर खुर्चीवर बसले होते. टेबलावर दोन रिकामे कप. शेगडी थंड. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून कोरडीच भांडी पुसत होत्या.

"चहा झाला?" सूनबाईने विचारलं.

"तासभर मागतोय," मास्तर म्हणाले. "ही म्हणते पाच वाजले नाहीत."

"वाजले का?" सासूबाई म्हणाल्या. "मला नाही ऐकू आले."

"अगं, घड्याळात सहा वाजून गेले."

"घड्याळ बघून मी कधी चहा केलाय?"

 मास्तर जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "उचकीही आली नाही आज."

"बाबा, उचकी मी काढली." तिने एका दमात सांगून टाकलं. "साहेबांनी सांगितलं. बिघाड आहे म्हणाले."

सासूबाईंच्या हातातलं भांडं थांबलं. "बिघाड," त्या म्हणाल्या. "म्हणजे तीस वर्षं मी बिघाडावर चहा ठेवला म्हणायचा."

तेव्हा कुठे तिला कळलं. लग्न नवं होतं, स्टोव्ह जुना होता आणि पाणी उकळायला पंधरा मिनिटं घ्यायचा. मास्तरांना घरी आल्या आल्या चहा लागायचा. म्हणून पाचला दहा कमी असताना ते दांडा जरासा ओढून सोडायचे: मी निघतोय, ठेव. पुढे गॅस आला, पाणी चार मिनिटांत उकळू लागलं, पण उचकी राहिली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बंद करावी लागली असती. अख्खा कारखाना रोज विचारत होता की भोंग्याची कोण आठवण काढतंय, आणि भोंगा वाजवणारा माणूस तोंडावर रेषही हलू न देता उभा राहायचा.

आता उरलेलंही सांगणं भाग होतं. तिने सांगितलं: नाव त्याच दिवशी काढलं, यादी आज टाकली गेली, मशीनने काय लिहिलं.

"काय लिहिलं म्हणालीस?"

"अनाथ."

मास्तरांनी तो शब्द तोंडात घोळवला. "माझे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हा नाही कोणी म्हणालं."  नव्या घड्याळाचा पट्टा त्यांनी सोडला, पुन्हा लावला. "बारा दिवस मी गॅलरीत उभा राहून म्हणत होतो, माझ्या नावाने वाजतोय. आणि नाव नव्हतंच. लोक हसले असतील."

"कोणाला माहीतच नव्हतं, बाबा. मशीनलासुद्धा नव्हतं."

"तुझ्या नावावर कर यादी. तुझंच काम आहे आता ते."

त्यांनी हे इतक्या शहाण्यासारखं म्हटलं की तिला रडू आलं. ती तोंड फिरवून बाटलीतलं पाणी प्यायली.

"नाव कोणाचं लावायचं ते तुमचं तुम्ही बघा," सासूबाई म्हणाल्या. "माझं वेगळंच आहे. बारा दिवस झाले, हे घरी आलेले नाहीत."

"मी इथेच तर असतो," मास्तर म्हणाले. "दिवसभर."

"तेच म्हणते मी. असता. येत नाही." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "उचकी व्हायची, मी चहा ठेवायची, आणि समोर बघावं तर हे आधीच बसलेले. दार वाजत नाही, चपलांचा आवाज नाही. कोणासाठी केला तेच कळत नाही. सूनबाई, तू ती पाचची उचकी परत लाव. आणि चारला आणखी एक लाव."

"चारला कशाला, अहो आई?"

"चारला यांनी चपला घालायच्या आणि जायचं. परत यायला आधी जावं लागतं माणसाला."

"कुठे जाऊ?" मास्तर म्हणाले.

"एकतीस वर्षं मी विचारलं, कारखान्यात जाऊन काय करता म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सूनबाई सव्वासातला निघाली. मास्तर "फक्त फाटकापर्यंत" म्हणून बरोबर आले. परिपत्रक साडेसातला येतात हे तिला माहीत होतं.

"बाबांचं खातं पुन्हा उघडायचंय."

"परिपत्रकानुसार, खातं फक्त कर्मचाऱ्याला किंवा यंत्राला देता येतं."

"यंत्राला?"

"छाप-एक, छाप-दोन, पॉलिशचं मोठं पिंप. सगळ्यांची आहेत. तुम्हीच उघडलीत."

सूनबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात पस्तीस. "मग यंत्र म्हणून लिहा."

परिपत्रक हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी खण उघडला, तीन प्रतींचा अर्ज काढला, मध्ये कार्बन नीट घातला. एकतीस वर्षं त्या माणसाच्या भोंग्यावर त्यांनी आपली दौत उघडली आणि बंद केली होती, पण हे ते बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "यंत्राचं नाव?"

"भोंगेमास्तर."

"बसवल्याचं वर्ष?"

तिने सांगितलं.

"इंधन?"

"चहा."

"किती वेळा?"

"पाच वाजता नक्की. बाकी मिळेल तसा."

"आवाज?"

"सकाळी जास्त."

त्यांनी सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. "आता यंत्राची प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल."

सात सत्तेचाळीस. सूनबाई जिना धावत उतरली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला पासाशिवाय माणूस आत सोडता येत नव्हतं. परिपत्रकांनी खिडकीतून ओरडून सांगितलं की माणूस नाही, यंत्र आहे, आवक वहीत लिही. त्याने लिहिलं: एक नग. मास्तर वर आले. परिपत्रकांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चालू आहे?"

मास्तरांनी चार पावलं चालून दाखवलं.

"कुरकुर?"

"गुडघ्यात," मास्तर म्हणाले.

"दुरुस्तीची गरज नाही," परिपत्रकांनी लिहिलं आणि शिक्का मारला. मग शिक्क्यावर फुंकर घालता घालता, जसं काही आत्ताच आठवलं तसं म्हणाले, "यंत्राला सेवानिवृत्तीचं वय लागू नाही, हे आपल्या माहितीसाठी."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत राहिले.

सात पंचावन्नला ती मशीनपुढे होती. खातं उघडलं, यादी मास्तरांच्या नावावर केली. दोन नव्या ओळी घालायच्या होत्या. "मी लिहितो," मास्तर म्हणाले आणि एक बोट पुढे करून बसले. सात छप्पन. चारच्या ओळीतला तास त्यांनी चार लिहिला. तिने सोळा करायला लावला. सात सत्तावन्न. "चांदणी कुठे असते?" तिने दाखवली. दारात साहेब येऊन उभे राहिले, गळ्यात खरोखरच शिट्टी होती. सात अठ्ठावन्नला मास्तरांनी शेवटची ओळ संपवली, आणि मग वर शेरे लिहायला घेतले. सूनबाई घड्याळाकडे बघत राहिली. यादी बंद झाली तेव्हा सात एकोणसाठला तीन सेकंद कमी होते. पहारेकऱ्याने डोळे उघडले. कपाट हललं होतं. त्याने यादी वाचली, मालकाचं नाव शोधलं, आणि यावेळी नाव सापडलं.

आठला भोंगा झाला. मास्तरांनी मनात दहा मोजले. ओठ हललेले दिसले.

चार वाजता "हुक्" झालं, तेव्हा साहेब तावातावाने वर आले. सूनबाईने फोन परिपत्रकांना जोडून दिला. "परिपत्रकानुसार," पलीकडून आवाज आला, "नोंदवहीतल्या प्रत्येक नव्या यंत्राची दिवसातून दोन वेळा चाचणी सक्तीची आहे. वेळ विभागाच्या सोयीने." साहेबांनी परिपत्रक क्रमांक मागितला. क्रमांक मिळाला. साहेब शिट्टी काढून खिशात घालत खाली गेले. पाचला दहा कमी असताना दुसरी उचकी आली, आणि पिंपांवर दोन दिवसांचं साठलेलं हसणं एकदम बाहेर पडलं.

पाचला दोनशे चाळीस माणसं फाटकातून बाहेर पडली. त्या गर्दीत, कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या पायऱ्यांवरून उठून, मास्तर मिसळले. सूनबाईने त्यांना गाठलं. ते थकलेले दिसत होते.

"काय केलंत तासभर?"

"दंतवैद्याकडे तीन माणसं बसली होती. त्यांना वेळेचं महत्त्व सांगितलं." थोडं चालल्यावर ते म्हणाले, "एक दात तपासूनही घेतला. रिकामं कसं बसायचं?"

सहा मिनिटांत घर आलं. दार लावलेलं होतं. सूनबाई कडी वाजवणार होती, मास्तरांनी तिचा हात धरून थांबवला आणि स्वतः वाजवली. आतून उकळत्या चहाचा वास येत होता. तिला यादीतले सकाळचे शेरे आठवले. चारच्या वर त्यांनी लिहिलं होतं, "जा." पाचला दहा कमीच्या वर जुनाच शेरा ठेवला होता, फक्त "कारण विचारू नये" खोडलं होतं.

सासूबाईंनी दार उघडलं. हात पिठाचे होते, पदर खोचलेला होता. त्यांनी नवऱ्याला असं पाहिलं जसं काही सकाळपासून पाहिलंच नव्हतं.

"आलात?" त्या म्हणाल्या.

"आलो," मास्तर म्हणाले, आणि दारातच बसून सावकाश चपला काढू लागले.